प्राग की व्हिएन्ना? आणि सासूबाईंनी हॉटेलवर का बसायचं?

वाचकाचं पत्र थोडक्यात:

‘आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. येत्या मे महिन्यात पहिल्यांदाच युरोपला जायचं ठरतंय. मी, मिस्टर, नववी संपवून मोकळी झालेली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. हातात सात रात्री आहेत. मिस्टरांचा हट्ट प्रागचा. त्यांचे दोन-तीन सहकारी कामानिमित्त झेकला राहून आलेत आणि येता-जाता प्रागचंच कौतुक करतात. मला मात्र कॉलेजपासून व्हिएन्ना बघायचंय. मुलीला चित्रकलेचं वेड आहे, तिला कुठलंही चालेल. एजंट म्हणतो, दोन्ही करा, वर बुडापेस्टही घ्या, सात दिवसांत आरामात होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. त्यांना अंडंही चालत नाही. त्या म्हणतात, मी बसेन हॉटेलवर, तुम्ही फिरून या. तर ताई, प्राग की व्हिएन्ना?’

ताई,

उत्तर आधी देते, कारणं मग सांगते. व्हिएन्ना. आणि सातही रात्री तिथेच, एकाच घरात.

व्हिएन्ना जास्त सुंदर आहे म्हणून हे सांगतेय असं समजू नका. दोन्ही शहरं शेजारी-शेजारी ठेवली तर देखणं प्रागच, हे मिस्टरांना खुशाल वाचून दाखवा. शहराच्या मधून वाहणारी व्हल्टावा, पलीकडे टेकडीवर किल्ला आणि त्याच्या मधोमध वर गेलेले सेंट व्हिटस चर्चचे मनोरे, खाली १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल. व्हिएन्नाकडे असं एका नजरेत मावणारं दृश्य नाही. तिथे उतरल्यावर निम्मे लोक ‘डॅन्यूब कुठाय?’ असं विचारतात, कारण जुन्या शहराच्या कडेने जातो तो नुसता कालवा. मोठी नदी बघायला मेट्रोने बाहेर जावं लागतं.

माझं उत्तर ठरलं ते तुमच्या सासूबाईंच्या वाक्यावर. ‘मी बसेन हॉटेलवर’ असं आपल्याकडची बाई म्हणते तेव्हा तिला हॉटेलवर बसायची हौस नसते. आपल्यामुळे कुणाचं अडू नये, एवढंच तिच्या मनात असतं. तुम्ही त्यांचं तिकीट काढताय, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला लावताय, इतक्या तासांच्या विमानप्रवासाला नेताय. मग त्यांना चार भिंतींत बसवण्यात काय मतलब? तेव्हा प्रश्न असा विचारू या: कोणत्या शहरात त्या तुमच्याबरोबर बाहेर बसू शकतील?

प्रागमध्ये हे जमत नाही असं नाही, पण दर तासाला त्यांचा कस लागेल. जुन्या शहराचे रस्ते दगडी आहेत. फूटपाथवरसुद्धा छोट्या चौकोनी दगडांची नक्षी असते. फोटोत फार छान दिसते, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. पाऊस पडला की निसरडं होतं ते वेगळंच. चार्ल्स पूल पाचशे मीटरच्या वर लांब आहे आणि मे महिन्यात सकाळी नवानंतर त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पूल ओलांडलात की चढ सुरू. बावीस नंबरची ट्राम थेट किल्ल्याच्या बाजूला नेऊन सोडते, म्हणजे चढ वाचतो. पण किल्ला हे मोठं आवारच आहे, आत गेल्यावर पुन्हा चाल आहेच. मेट्रो उत्तम, पण खूप खोल. सगळ्या स्टेशनांना लिफ्ट नाही आणि सरकते जिने आपल्या मॉलमधल्यांपेक्षा बरेच वेगाने पळतात. जुन्या चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायला तासाच्या ठोक्याला तुडुंब गर्दी होते. बाहुल्या फिरतात, कोंबडा आरवतो, मिनिटभरात कार्यक्रम संपतो. या गर्दीत खिसेकापूंचं बरं चालतं. त्यात सासूबाई एका हाताने तुम्हाला आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून उभ्या. नकोच.

मिस्टरांच्या सहकाऱ्यांचं कौतुक खोटं नाही, फक्त त्यांचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. स्कोडाचं मूळ गाव म्लाडा बोलेस्लाव प्रागपासून तासाभराच्या अंतरावर आहे. कामासाठी तिकडे महिनोन्महिने राहणारा माणूस शनिवारी प्रागला जातो, दमला की परततो, पुढच्या शनिवारी पुन्हा जातो. त्याला एका फेरीत सगळं उरकायचं नसतं. शिवाय त्याच्याबरोबर सासूबाई नसतात.

आता व्हिएन्ना. जुनं शहर बऱ्यापैकी सपाट. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, बहुतेक ट्राम फूटपाथच्या पातळीला येऊन थांबणाऱ्या. जुन्या शहराभोवती जिथे तटबंदी होती, ती सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ साली पाडायला सांगितली आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे नावाचा रुंद गोल रस्ता केला. संसद, टाउन हॉल, विद्यापीठ, ऑपेरा, मोठी संग्रहालयं सगळी या रस्त्यावर. एक आणि दोन नंबरच्या ट्राम त्याच्या वेगवेगळ्या भागांवरून जातात. पहिल्या दिवशी झोप पूर्ण झालेली नसते, चौघंही जरा भंजाळलेली असतात. तेव्हा सासूबाईंना खिडकीची सीट द्या, दोन्ही ट्राममधून फिरा, अर्धं शहर बसल्या बसल्या बघून होईल. या फेरीला गाइड लागत नाही आणि टुरिस्ट बसही लागत नाही.

मे महिन्यात तिकडे रात्री साडेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो. याचा फायदा घ्या. सकाळी एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन जेवण आणि सासूबाईंची वामकुक्षी, मग पाचला पुन्हा बाहेर. फोक्सगार्टन नावाची बाग ऐन शहरात आहे. महिन्याच्या शेवटी जात असाल तर शेकडो गुलाब फुललेले असतील. बाकं आहेत, सावली आहे, पिशवीतला चिवडा काढून बसलं तरी कुणी हटकत नाही. शोनब्रुन राजवाड्याची बागही फुकट आहे. फुलझाडांपलीकडे टेकडीवर जी कमान दिसते तिथवर चढायची गरज नाही, बागेत फिरणारी छोटी गाडी वरपर्यंत नेते. राजवाड्याच्या आतल्या दालनांचं तिकीट मात्र वेळेप्रमाणे असतं, ते इथूनच काढा. १७५२ साली सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालयही त्याच आवारात आहे. ते मुलीच्या मर्जीवर सोडा.

कॉफीहाउस ही तुमच्यासाठीची जागा. काळ्या कपड्यातला वेटर चांदीच्या रंगाच्या छोट्या तबकात कॉफी आणून ठेवतो. तिच्याबरोबर न मागता पाण्याचा पेला येतो. त्या पेल्यावर बऱ्याचदा चमचा पालथा ठेवलेला असतो. तुम्ही ‘मेलांज’ मागा, ती आपल्या दुधाच्या कॉफीच्या त्यातल्या त्यात जवळची. एका कॉफीवर दोन तास बसा. बिल तुम्ही मागेपर्यंत येत नाही आणि कुणी टेबलाकडे डोळे लावून उभं राहत नाही. हे सगळं कॅफे सेंट्रलमध्येच करायला हवं असं नाही. तिथे दारात रांग असते आणि रांगेत उभं राहायचं तर गुडघ्यांचा प्रश्न पुन्हा आलाच. तुमच्या घराजवळच्या गल्लीतलं, लाकडी दांडीला वर्तमानपत्रं अडकवलेलं एखादं जुनं कॉफीहाउस शोधा आणि रोज तिथेच जा. तिसऱ्या दिवशी वेटर ओळखेल. (हसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, तिथले वेटर त्यासाठी प्रसिद्ध नाहीत.)

मुलीचं आणि आजीचं एक काम मात्र माझ्यासाठी करा. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम नावाच्या मोठ्या कलासंग्रहालयात दोघींना घेऊन जा. एकोणीस वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मे महिन्यात सोमवारी बंद असतं, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. पीटर ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे. बॅबेलचा मनोरा, बर्फातले शिकारी, ही चित्रं मुलीने पुस्तकात पाहिलीही असतील. पण तुम्ही आधी १५६० सालच्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रासमोर जा. एका गावच्या चौकात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या आसपास वेगवेगळे खेळ खेळताहेत. मोठं माणूस जवळजवळ नाहीच. खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन मुली मांडी ठोकून काहीतरी उडवताहेत, झेलताहेत. नीट बघा, सागरगोटे! (ते मेंढीच्या हाडांचे आहेत, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.) पुढे आंधळी कोशिंबीर आहे, भोवरे आहेत, काठीने पिटाळत नेलेलं चाक आहे, बाहुल्या आहेत, लुटुपुटूच्या लग्नाची वरातसुद्धा आहे. तुमच्या मुलीला यातले किती खेळ ओळखता येतील मला शंका आहे. आजीला ती नावं सांगता येतील, कसं खेळायचं हेही सांगता येईल. बसायला मऊ कोच आहेत. मुलीला स्केचबुक आणि पेन्सिल घेऊन बसवा, आजीला शेजारी बसवा आणि तुम्ही दोघं तासभर इतर दालनं हिंडून या. यात कुणी कुणासाठी थांबलेलं नसेल.

क्लिम्ट या चित्रकाराचं ‘चुंबन’ बघायला बेल्वेडिअर राजवाड्यातल्या संग्रहालयात जालच. तिथे गर्दी असते, सकाळी लवकरची वेळ घ्या. बाकी संग्रहालयं राहिली तर राहू द्या.

ऑपेराचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण कॉलेजपासून व्हिएन्ना डोक्यात असलेल्या बाईला ते हवंच असणार. स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून चालतो, म्हणजे मे महिना सोयीचा. बसायची तिकिटं महाग, पण उभ्याने बघायची तिकिटं त्याच दिवशी दहा-वीस युरोंत मिळतात. समोर छोट्या पडद्यावर इंग्रजीत ओळी येतात. आत शिरलं की लोक आपल्या जागेच्या कठड्याला ओढणी किंवा मफलर बांधून मोकळे होतात आणि बाहेर चहापाण्याला जातात. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसंच, आणि तितकंच पाळलंही जातं. तुम्ही आणि मुलगी जा, कंटाळा आला तर मध्यंतरात बाहेर पडा. सासूबाईंसाठीही सोय आहे. मे-जूनमध्ये बऱ्याच संध्याकाळी आतला प्रयोग बाहेर चौकातल्या मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात, समोर खुर्च्या मांडलेल्या असतात. स्टेफान चर्चच्या आणि ऑपेराच्या आसपास मोझार्टच्या काळातला कोट आणि टोप घालून तिकिटं विकणारी पोरं भेटतील. त्यांच्याकडून काही घेऊ नका.

आता मिस्टर. त्यांना निव्वळ ‘नाही’ म्हणून गप्प बसवलंत तर सात दिवस ‘प्रागमध्ये असं नसतं’ ऐकावं लागेल. त्यांना ब्रनो द्या. झेकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, व्हिएन्नाहून रेल्वेने दीड तास. सकाळी निघून रात्रीपर्यंत परत. मुलीला बरोबर पाठवा, कारण तिला लवकरच शाळेत भेटणारा, आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल तिथेच राहायचा. १८५६ पासून सात-आठ वर्षं त्याने वाटाण्याची हजारो रोपं ज्या मठात लावली, तो मठ तिथे उभा आहे आणि त्यातच त्याचं संग्रहालय आहे. (गंमत अशी की हा मेंडेल त्याआधी दोन वर्षं व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकत होता.) मठाला लागूनच जुनी ब्रूअरी आहे, हे मिस्टर स्वतःच शोधून काढतील. झेक चलन कोरुना आहे, युरो नाही. पण एका दिवसासाठी रस्त्यावरच्या दुकानात पैसे बदलत बसू नका, कार्ड चालतं. पासपोर्ट मात्र दोघांच्याही खिशात हवेत. सीमेवर कुणी विचारेलच असं नाही, विचारलं तर हवेत. त्या दिवशी तुम्ही दोघी सासू-सून व्हिएन्नातच राहा. कॉफीहाउस, बाग आणि मधे वाटलं तर थोडी खरेदी.

एजंटच्या तीन शहरांच्या बेताबद्दल फार लिहीत नाही. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन. ऐकायला कमी वाटतं. त्यात बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, नव्या हॉटेलची खोली तीनपर्यंत न मिळणं धरा, म्हणजे सातातले दोन दिवस असेच गेले. सासूबाईंच्या वाट्याला तिन्ही शहरांतली स्टेशनं तेवढी येतील.

खाण्याचं जरा तपशिलात सांगते, कारण घरी भांडणं यावरूनच होतात. या बाबतीत खरं तर प्राग वरचढ आहे. भारतीय वळणाच्या, ताट वजनावर मोजून देणाऱ्या शुद्ध शाकाहारी खानावळी तिथे आहेत आणि खिशालाही परवडतात. व्हिएन्नातही शाकाहारी मिळतं, पण अंडं फार लपून असतं. झाखरटोर्ट या प्रसिद्ध चॉकलेट केकमध्ये आहे, चीजमध्ये घोळलेल्या श्पेट्झलं या पदार्थात आहे, काही पावांवर वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. सफरचंदाच्या श्ट्रूडेलचं पीठ मुळात बिनअंड्याचं करतात, तरी विचारून घ्या. ‘अंडं, मांस, मासे चालत नाहीत, दूध चालतं’ ही ओळ जर्मनमध्ये फोनवर लिहून ठेवा आणि वेटरसमोर धरा. पण खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट. दुपारी घरी येऊन वरणभात किंवा पिठलं झालं की संध्याकाळी कुठे काय मिळतं याची धाकधूक राहत नाही. नळाचं पाणी थेट आल्प्समधल्या झऱ्यांचं, बाटल्या विकत घेऊ नका.

दोन गोष्टींची काळजी घ्या. रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद असतात आणि शनिवारीही किराणा संध्याकाळी सहाला मिटतो. भाजी-दूध शनिवारी सकाळीच भरून ठेवा, नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या दुकानापुढे रांगेत उभं राहावं लागेल. दुसरी गोष्ट बॅगेची. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काही नको. ताजी फळं-भाज्याही नेता येत नाहीत, केळी-नारळ अशी चार-पाच नावं सोडली तर. मे महिना आहे, तेव्हा मुद्दाम सांगते: हापूस घरी खाऊन निघा. कढीपत्त्याची जुडीसुद्धा पिशवीत टाकू नका. मेतकूट, डाळ-तांदूळ, मसाल्याच्या पुड्या, पापड याने काम भागेल. बाकीचं नाशमार्क्ट बाजाराच्या आसपासच्या आशियाई दुकानांत मिळतं.

खर्चात व्हिएन्ना प्रागपेक्षा महागच आहे, मिस्टरांचा तो मुद्दा खरा. पण प्रागही आता पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही आणि तीन शहरांच्या फेरीतली रेल्वे, टॅक्सी, बाहेरची जेवणं वाचली की फरक बराच भरून निघतो. उद्या तुम्ही दोघंच निघालात, पायांत बळ असलं, रात्री उशिरापर्यंत रस्त्यांतून भटकायचं असलं, तर मी डोळे मिटून प्राग सांगेन आणि पहाटे सहाला चार्ल्स पुलावर जायला सांगेन.

व्हिसाचं लवकर बघा. सगळ्या रात्री ऑस्ट्रियात असल्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल, कुठल्या देशाकडे करायचा हा घोळ राहणार नाही. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेसाठी लोक मार्चमध्ये जागे होतात आणि तोवर अपॉइंटमेंट मिळेनाशा होतात. फी मोठ्यांना ९० युरो. सहा ते बाराच्या आतल्या मुलांना निम्मी असते, तुमच्या मुलीला पूर्ण लागेल. बोटांचे ठसे द्यायला चौघांनाही केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागेल, म्हणून तो प्रवास सासूबाईंना झेपेल असा आखा. विमा निदान ३० हजार युरोंचा लागतो. सासूबाईंचं बीपी, गुडघे असं जे आधीपासून आहे ते त्यात धरलंय का, हे विकणाऱ्याला तोंडी न विचारता कागदावर वाचा. विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. त्या नको-नको म्हणतील, तरी नोंदवा.

अपार्टमेंट रिंगश्ट्रासेच्या आत घेऊ नका, फुकट महाग पडेल. बाहेर, मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर घ्या. पैसे भरण्याआधी मालकाला एक प्रश्न नक्की विचारा. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘होखपार्टेर’, त्याच्या वर ‘मेझानिन’ असे मजले असतात आणि त्यानंतर कुठे ‘पहिला’ मजला सुरू होतो. जाहिरातीतला दुसरा मजला पायऱ्यांच्या हिशेबात चौथा निघू शकतो. म्हणून ‘कितवा मजला?’ असं विचारू नका. रस्त्यावरून घराच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नेमकी कुठून सुरू होते, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात.